वकिलाने आधी आपल्याच बाजूवर शंका घ्यावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कायद्याच्या प्रवेशाचे दिवस आले की "पोरगी बोलण्यात कुणाला हार जात नाही, हिला वकीलच करू या" हे वाक्य हमखास कानावर येते. करिअरविषयक लेखांतही वकिलीला लागणारे गुण म्हणून वक्तृत्व, हजरजबाबीपणा आणि आत्मविश्वास यांचीच नावे आधी येतात. दिवाणी आणि फौजदारी न्यायालयांत रोज उभे राहणारे आम्ही काही वकील हे पत्र लिहीत आहोत, कारण या समजुतीवर विसंबून आलेली हुशार मुले पहिल्या तीन-चार वर्षांत चुकीच्या सवयी लावून घेतात आणि पुढे त्या सुटता सुटत नाहीत. या व्यवसायात उभे राहायला जी मनोवृत्ती लागते तिचा गाभा आमच्या मते एकच आहे: समोरच्यावर शंका घेण्याआधी आपल्याच बाजूवर शंका घ्यायची. रोजच्या कामात ती कशी उतरवायची आणि नाही उतरली तर नेमके काय बिघडते, ते सांगतो.

पक्षकार पहिल्यांदा समोर बसतो तेव्हा तो चिडलेला असतो किंवा घाबरलेला. त्याला धीर द्यावा म्हणून नवा वकील कागद बघायच्या आधीच "काळजी करू नका, केस आपलीच आहे" असे म्हणून जातो. हा शब्द पक्षकार विसरत नाही. पण खरे नुकसान वेगळे असते. एकदा तसे म्हटले की वकिलाच्याही मनात बाजू पक्की होते आणि त्यानंतरचे कागद तो फक्त दुजोरा शोधण्यासाठी वाचतो. म्हणून पहिली पंधरा-वीस मिनिटे मध्ये न बोलता ऐकावे आणि वहीत फक्त नावे आणि तारखा लिहाव्यात. मग तीन प्रश्न विचारावेत. हीच हकिकत समोरचा माणूस कशी सांगेल? कोणता कागद तुम्ही घरी ठेवून आलात? या विषयात आधी कुठे अर्ज, नोटीस, तक्रार, समझोता किंवा दावा झाला आहे का? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा थोडा थांबून उत्तर येते आणि त्या उत्तरात केसचा जीव असतो. पक्षकार खोटे बोलतो असे नाही. त्याला गैरसोयीचा वाटलेला भाग "महत्त्वाचा नाही" म्हणून त्याने गाळलेला असतो, आणि उलटतपासात पहिला प्रश्न त्याच भागावर येतो.

त्याच दिवशी तारीखवार टिपण तयार करावे. एका कागदावर चार रकाने पुरतात: तारीख, घटना, तिचा पुरावा, आणि त्यावर समोरचा काय म्हणेल. तिसरा रकाना जिथे रिकामा राहतो तिथे आपली केस निव्वळ तोंडी शब्दावर उभी आहे हे लगेच दिसते. चौथा रकाना भरायला कंटाळा येतो, कारण तो भरताना आपल्याविरुद्ध विचार करावा लागतो. पण हे टिपण करायचे ते त्याच रकान्यासाठी.

पक्षकाराचा शब्द आणि कायद्याचा शब्द एकच आहे असे धरून चालणे ही आणखी एक चूक. "जमीन मुदत खरेदीने दिली होती, पैसे फेडले की परत मिळणार होती," असे कुणी सांगितले की वकील लगेच गहाण धरून मसुदा लिहायला बसतो. पण मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५८(क) चे परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली अट, सांगते की परतीची अट विक्रीच्याच दस्तात नसेल तर तो व्यवहार गहाण मानला जाणार नाही. अट वेगळ्या कागदावर असेल तर दाव्याचा पायाच बदलतो. तसेच "सातबारा माझ्या नावावर आहे" याचे. फेरफार नोंद महसुलासाठी असते, तिने मालकी निर्माण होत नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे. मालकी कोणत्या दस्ताने आली, वारसाने आली की वाटपाने, आणि वाटप झाले असेल तर त्याचा कागद कुठे आहे, इथपर्यंत मागे गेल्याशिवाय पेन उचलू नये.

मोबाइलवरच्या संदेशांचे छापील कागद घेऊन येणाऱ्या पक्षकाराला आधी विचारावे की तो फोन अजून आहे का. अर्जुन खोतकर यांच्या निवडणुकीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की मूळ उपकरणच न्यायालयात हजर करणार नसाल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र हवेच. आता हा विषय भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मध्ये आहे आणि प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. त्यांतला दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. दावा दाखल झाल्यावर पक्षकार जुना फोन विकून नवा घेतो आणि दोन वर्षांनी पुराव्याच्या टप्प्यावर सगळे अडते. पहिल्या भेटीत "फोन विकू नका, दुरुस्तीला देऊ नका, काही पुसू नका" एवढे लिहून दिले तर हे टळते.

आता मुदतीबद्दल. इथे शंकेखोर स्वभाव थेट उपयोगी पडतो आणि आत्मविश्वास थेट घात करतो. चेक न वटल्याचे साधे प्रकरण घ्या. ही कामे नव्या वकिलाकडे लवकर येतात आणि त्यातच हात पोळतो. चेक न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. ती मिळाल्यापासून चेक देणाऱ्याला १५ दिवस मिळतात. ते संपले तरी पैसे आले नाहीत तर तिथून एका महिन्यात तक्रार दाखल करायची. तक्रारीला उशीर झाला तर पुरेसे कारण दाखवून तो माफ करून घेता येतो. नोटिशीचे ३० दिवस चुकले तर तो उशीर माफ करण्याची सोय कायद्यात नाही. उलट्या बाजूनेही चूक होते. घाईने १५ दिवस पुरे होण्याआधीच तक्रार केली तर तिची दखल घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवले आहे. नोटिशीत चेकची रक्कम वेगळी आणि स्पष्ट न मागता सगळ्या हिशेबाची मिळून एक ठोक मागणी केली तरी नोटीस अडचणीत येते. म्हणजे एका पानाच्या नोटिशीत किमान तीन ठिकाणी पाय घसरू शकतो. म्हणून बँकेचा मेमो कोणत्या तारखेचा आहे यावर न थांबता तो पक्षकाराच्या हातात कधी पडला आणि त्याला पुरावा काय, हे विचारावे.

मुदतीचा कायदा, १९६३ चे कलम ३ प्रत्येक नव्या वकिलाने टेबलावर लिहून ठेवावे. समोरच्याने हरकत घेतली नाही तरी मुदतबाह्य दावा न्यायालयाने फेटाळायचा आहे. कलम ५ ची विलंबमाफी अपिलांना आणि अर्जांना मिळते, मूळ दाव्याला ती नाही. लवाद निवाड्याला आव्हान द्यायला तीन महिने आणि फार तर आणखी ३० दिवस, त्यापुढे एक दिवसही नाही. डायरीत शेवटची तारीख लिहिणे पुरेसे नसते. तिच्या पंधरा दिवस आधीची एक तारीख लिहावी आणि काम त्या तारखेचे समजावे. शेवटच्या दिवशी टंकलेखक सुट्टीवर असतो, ई-फायलिंग अडते, पक्षकार सहीला येत नाही, आणि ही तिन्ही संकटे एकाच दिवशी येतात हा अनुभव नवा नाही. नोंद दोन ठिकाणी हवी, एक वहीत आणि एक कार्यालयातल्या दुसऱ्या माणसाकडे. मुदत कोणत्या दिवसापासून मोजली तेही तिथेच लिहावे, म्हणजे मोजणी चुकली असेल तर कुणाच्या तरी नजरेस पडते.

लेखी कामात आपल्याकडची सर्वांत जुनी खोड कैफियतीत, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरात, दिसते. "परिच्छेद क्रमांक १ ते १० मधील संपूर्ण मजकूर खोटा, खोडसाळ व लबाडीचा असून तो या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही." हे वाक्य लिहिले की काम झाले असे वाटते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८ चे नियम ३ ते ५ वाचले तर उलटे कळते. प्रत्येक विधान वेगळे नाकारावे लागते, आडवळणाने नाकारलेले चालत नाही, आणि जे नीट नाकारले नाही ते कबूल धरले जाते. दहा परिच्छेदांत एखादे निरुपद्रवी खरे विधान असतेच, जसे की पक्षकारांचे नाते किंवा मिळकतीचे वर्णन. ते सरळ कबूल करावे. सगळेच नाकारणाऱ्या कैफियतीचा न्यायाधीशांवर काय परिणाम होतो हे त्यांच्या बाजूने विचार करून पाहिले तर समजते: जे कागदावर उघड दिसते तेही हा माणूस नाकारतो, मग बाकीच्यावर विश्वास का ठेवायचा? वेळेचेही तसेच. समन्स मिळाल्यापासून ३० दिवस, वाढवून ९० दिवस. व्यापारी स्वरूपाच्या दाव्यात १२० दिवसांनंतर कैफियतीचा हक्कच जातो.

जुन्या फायलीतला मसुदा उचलून नव्या दाव्यात बसवण्याला आमचा विरोध नाही, सगळेच तसे करतात. पण आधी आपली हकिकत स्वतःच्या शब्दांत एका पानावर लिहावी आणि मगच नमुना उघडावा. आधी नमुना उघडला की हकिकत त्याच्या मापाची होते. मग वहिवाटीच्या दाव्यात मालकीचे परिच्छेद शिरतात, दुसऱ्याच कुणाचा गट क्रमांक तसाच राहतो, आणि विनंतीच्या परिच्छेदात जे मागायला हवे होते तेच सुटते. दुरुस्तीचा अर्ज आहे म्हणून निर्धास्त राहू नये. पुरावा सुरू झाल्यानंतर योग्य ती काळजी घेऊनही ही बाब आधी मांडता आली नसती, हे पटवून द्यावे लागते, आणि स्वतःच्याच फायलीतला आकडा चुकला असताना ते पटत नाही.

साक्षीपुराव्याबद्दल थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी द्यावी, कारण वक्तृत्वाच्या कल्पनेने सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. दिवाणी दाव्यात सरतपास, म्हणजे आपल्याच साक्षीदाराची पहिली साक्ष, आता प्रतिज्ञापत्रावर होतो. ते लिहितो वकील, आणि लिहितो वकिली भाषेत: "सदर मिळकतीचा निर्वेध, अखंड व शांततामय कब्जा." समोरचा वकील साक्षीदाराला एकच विचारतो, "निर्वेध म्हणजे काय?" साक्षीदार गप्प राहतो आणि मग सबंध प्रतिज्ञापत्र आपले नाही अशी कबुली त्याच्याकडून निघते. यावर उपाय सोपा आहे. मसुदा त्याला मोठ्याने वाचून दाखवायचा आणि जिथे तो अडखळतो तिथे त्याचा स्वतःचा शब्द घालायचा. "मी बारा वर्षे ती जमीन कसतो, मला कुणी अडवले नाही" हे वाक्य निर्वेध कब्ज्यापेक्षा पुष्कळ मजबूत आहे.

उलटतपासाची तयारी प्रश्नांपासून सुरू करू नये. युक्तिवादात शेवटी आपल्याला कोणती पाच-सहा वाक्ये म्हणायची आहेत ती आधी लिहावीत आणि त्या प्रत्येकासाठी या साक्षीदाराकडून काय मिळू शकते तेवढेच विचारावे. एका प्रश्नात एकच गोष्ट असावी. "तुम्ही त्या रात्री तिथे होतात, अंधार होता आणि तुम्ही घाबरला होता, बरोबर?" या प्रश्नाला आलेले "नाही" कशाचे आहे ते कुणालाच कळत नाही. "का" ने सुरू होणारा प्रश्न साक्षीदाराला भाषणाची संधी देतो. हवे ते उत्तर मिळाल्यावर ते आणखी पक्के करायला जाणे हा सगळ्यात महागडा मोह. साक्षीदार दुसऱ्या वेळी खुलासा करतो आणि मिळालेले हातचे जाते. तिथे थांबायला मन आवरावे लागते. ज्यांना सतत बोलायची सवय असते त्यांना तेच अवघड जाते.

फौजदारी खटल्यात पोलिसांसमोरचा जबाब आणि न्यायालयातली साक्ष यांतली तफावत दाखवायची ठरलेली पद्धत आहे आणि ती अर्धवट केली तर काहीच हाती लागत नाही. साक्षीदाराचे न्यायालयातले म्हणणे आधी पक्के नोंदवून घ्यायचे. मग जबाबातला नेमका भाग त्याला वाचून दाखवायचा. भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १४८ तसे बंधन घालते. त्याने "असे मी सांगितले नाही" म्हटले की त्या भागावर खूण करून घ्यायची आणि पुढे तपासी अधिकारी साक्षीला आला की त्याला विचारायचे की साक्षीदाराने हे सांगितले होते का. हा शेवटचा टप्पा महिन्यांनी येतो आणि नेमका विसरला जातो. मग तफावत सिद्ध झाली नाही असे निकालपत्रात येते. म्हणून फायलीच्या पहिल्या पानावर "तपासी अधिकाऱ्याला विचारायचे" अशी यादी पहिल्या साक्षीदारापासूनच सुरू करावी. दुसरे असे की आपली बाजू साक्षीदाराला सुचवलीच नाही आणि त्याचे म्हणणे तसेच जाऊ दिले, तर ते मान्य केले असा अर्थ निघू शकतो.

मराठीत नोंदवलेली साक्ष त्याच दिवशी वाचावी. "मी त्या दिवशी हजर नव्हतो असे म्हणणे खरे नाही" यात दोन नकार आहेत. घाईत एखादा "नाही" सुटला की साक्षीचा अर्थ उलटतो. तेव्हाच लक्षात आणून दिले तर दुरुस्ती होते, सहा महिन्यांनी युक्तिवादात चूक सापडली तर कुणी ऐकत नाही.

न्यायाधीशांनी प्रश्न विचारला की नवा वकील तो अडथळा समजतो आणि "त्याकडे मी येणारच आहे" म्हणून पुढे सरकतो. खरे तर न्यायाधीशांचे मन कुठे अडले आहे ते त्या प्रश्नाने फुकट कळते. थांबून त्याचेच उत्तर द्यावे. उत्तर माहीत नसेल तर "तपासून सांगतो" म्हणावे, कारण एकदा चुकीचे उत्तर दिलेल्या वकिलाची पुढची प्रत्येक पानउलटणी तपासली जाते. आपली कमकुवत जागा आपणच आधी मांडावी आणि तरीही दावा का टिकतो ते सांगावे. समोरच्याने ती उघडी केली की तिचा आकार दुप्पट दिसतो.

न्यायनिर्णयांचा आधार घेताना हेडनोटवर, म्हणजे निर्णयाच्या वर छापलेल्या सारांशावर, विसंबणारे अजून बरेच आहेत. निर्णय पूर्ण वाचावा, त्यातली वस्तुस्थिती आपल्याशी जुळते का पाहावे, आणि तो आज जिवंत आहे का तपासावे. दिवाणी-फौजदारी खटल्यांवरची स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप संपते असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले होते. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निर्णय रद्द केला. जुन्या टिपणावरून युक्तिवाद करणाऱ्याच्या हाती इथे मेलेला निर्णय राहतो. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आल्यावर तर गुन्ह्याची तारीख पाहिल्याशिवाय कलम लिहूच नये. त्या दिवसाआधीच्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिताच लागू आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारून आधार शोधणाऱ्यांसाठी न्यूयॉर्कचे उदाहरण पुरेसे आहे. २०२३ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयात वकिलांनी असे निर्णय सादर केले जे कधी अस्तित्वातच नव्हते, आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. मूळ निर्णय न उघडता सही केली, इथून त्यांची चूक सुरू झाली. म्हणजे इथेही स्वतःच्या हातातल्या कागदावर शंका घेतली गेली नाही.

पक्षकाराच्या बाजूने लढणे आणि पक्षकार होऊन जाणे यात अंतर राखावे लागते. त्याचा राग आपल्या आवाजात आला की नोटिशीत विशेषणे वाढतात, समोरच्या वकिलाशी बोलणे तुटते आणि तडजोडीची दारे बंद होतात. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीवर अपील नसते आणि भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या वाटणीच्या दाव्यात ही फार मोठी गोष्ट आहे. पक्षकाराला हे समजावून सांगणे वकिलाच्या कामाचाच भाग आहे, त्यात कमीपणा नाही. "किती टक्के जिंकू?" या प्रश्नाला आकडा देऊ नये. कोणता मुद्दा मजबूत, कोणता कमजोर, कमजोर का, आणि हरलो तर पुढे काय, एवढे लेखी द्यावे.

पैशाच्या बाबतीत नियम पुरेसे स्पष्ट आहेत. निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, मिळणाऱ्या रकमेत वाटा ठेवता येत नाही, पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवावाच लागतो. फी थकली म्हणून फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितले आहे. मे २०२४ च्या निर्णयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर ठेवली गेली, पण अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खालील शिस्तभंगाची कारवाई जिथल्या तिथे आहे.

खटले हरले जातात, आणि चांगल्या वकिलांकडूनही. १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला तेव्हा त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. तो खटला ते हरले आणि कर्व्यांना दंड झाला. निकाल विरुद्ध गेला की त्याच दिवशी प्रमाणित प्रतीचा अर्ज करावा, कारण प्रत मिळायला लागलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वगळले जातात आणि ते अर्जापासूनच मोजले जातात. निकालपत्र दुसऱ्या दिवशी, डोके शांत असताना वाचावे आणि कारणे तीन गटांत लिहावीत: कायदा विरुद्ध होता, पुरावा नव्हता, की आपण काही सोडून दिले. तिसऱ्या गटात एकही ओळ आली नाही तर पुन्हा वाचावे.

ही वृत्ती अंगी यायला एक व्यायाम आम्ही सुचवतो. वरिष्ठांच्या कार्यालयातली निकाली निघालेली एक फाइल घ्यावी, निकालपत्र बाजूला काढून ठेवावे, फक्त दावा, कैफियत आणि साक्षी वाचाव्यात आणि स्वतः दोन पानांचा निकाल लिहावा. मग मूळ निकालाशी ताडून पाहावे. महिन्याला दोन फायली, असे सहा महिने केले की दोन्ही बाजूंनी विचार करायची सवय लागते. आपले काम नसलेल्या दिवशी न्यायालयात मागच्या बाकावर बसून दुसऱ्याचा उलटतपास ऐकणे हा याचाच दुसरा भाग. अर्थात रिकाम्या पोटी हे होत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये कनिष्ठांना किमान विद्यावेतन देण्याची शिफारस केली, पण ते बंधन नाही. ज्या वरिष्ठांना शक्य आहे त्यांनी ते द्यावे ही आमची आमच्याच व्यवसायबंधूंना कळकळीची विनंती आहे.

राहता राहिली महाविद्यालये. अभिरूप न्यायालयाच्या (मूट कोर्टच्या) स्पर्धांवर तिथे खूप मेहनत घेतली जाते, पण तिथे वस्तुस्थिती छापून हातात मिळते आणि वाद फक्त कायद्याचा असतो. खालच्या न्यायालयात भांडण वस्तुस्थितीचेच असते. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार अभिरूप न्यायालयाच्याच विषयात प्रत्यक्ष चाललेले दोन खटले, एक दिवाणी आणि एक फौजदारी, पाहून नोंद करण्याला ३० गुण आहेत, आणि पक्षकाराची मुलाखत व खटलापूर्व तयारी यांना आणखी ३०. या ६० गुणांच्या डायऱ्या एकमेकांच्या उतरवून दिल्या जातात हे सर्वांना ठाऊक आहे. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत प्रत्येक विद्यार्थ्याला एवढे तरी विचारावे: तुम्ही पाहिलेल्या खटल्यात कोणता साक्षीदार कोणत्या प्रश्नावर अडखळला, आणि तुम्ही त्याच्या बाजूचे वकील असता तर ते आधी कसे ओळखले असते?

आपले नम्र,
दिवाणी व फौजदारी न्यायालयांत काम करणारे काही वकील